दहाव्याला भरलेली पालकसभा

आमच्या शाळेच्या पालकसभेला सगळ्यांत आधी चहा यायचा. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला किटली आणि कागदी कपांची चळत ठेवून जायचा आणि जाताना दर वेळी विचारायचा, "सर, पुढच्या टायमाला थोडा कमी आणू का?" मी म्हणायचो, आण तेवढाच, आज येणारेत. मग तो चहा मी, मुख्याध्यापक आणि आमची शिपाईबाई मिळून संपवायचो. पालकसभेच्या रात्री मला झोप लागत नसे. शिक्षणाच्या चिंतेनं लागत नाही, असं मी घरी सांगत असे.

शाळा जुन्नरच्या नगरपालिकेची. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पण स्टँडवर कुणाला विचाराल तर तो आधी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या कुठं थांबतात ते दाखवील. आमच्याकडं येणारी पोरं म्हणजे मार्केटातल्या हमालांची, पिकअप चालवणाऱ्यांची, कांद्याच्या आणि टोमॅटोच्या शेडवर निवडायला जाणाऱ्या बायकांची. बरीचशी माणसं तळेघरच्या डोंगरातून कामासाठी खाली उतरलेली, एकाच वस्तीत खोल्या करून राहणारी. वर्षागणिक वर्ग थोडा थोडा विरळ होत होता, आणि वरच्या ऑफिसातून आलं की पालकांचा सहभाग वाढवा. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्हाला बोलायला आवडतं. तुम्हीच बघा पालकांचं."

मी बघितलं. पहिल्यांदा पोरांच्या हातून चिठ्ठ्या पाठवल्या, 'उद्या पालकांनी शाळेत यावे.' दुसऱ्या दिवशी पालक आले नाहीत, पण एक पोरगं गाल सुजवून आलं. बापानं चिठ्ठी बघितली आणि आधी पोराला बडवलं, मग विचारलं, "काय केलंस त्ये सांग." आमच्याकडं शाळा बापाला बोलावते ती पोरानं काही केल्यावरच. त्या पोरानं आयुष्यात काही केलेलं नव्हतं, गृहपाठसुद्धा नाही.

मग मला नगरपालिकेची भोंगा लावलेली रिक्षा सुचली. ओळख काढून ती मागून घेतली, स्वतः आत बसलो आणि साऱ्या वस्तीतून आवाज देत फिरलो, "सर्व पालकांना कळवण्यात येते की..." पण त्या रिक्षातून आजवर एकच गोष्ट कळवली गेली होती, की उद्या पाणी येणार नाही. भोंगा ऐकल्याबरोबर पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. बायका हंडे, बादल्या, पातेली घेऊन नळाकडं धावल्या. संध्याकाळी सभेच्या वेळी सगळी वस्ती पाणी भरत होती, आणि एका बाईनं मला रस्त्यात अडवून विचारलं, "कवा येनार मंग पानी?" मी म्हणालो, उद्या येईल. ते रोजच यायचं.

वेळ बदलून पाहिली. सकाळी मार्केट, दुपारी शेड, संध्याकाळी गाड्या भरायच्या. मी पंक्चरच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, किराणा दुकानाच्या पायरीवर पालकांना गाठायचो. एकानंही कधी नाही म्हटलं नाही. प्रत्येक जण म्हणायचा, "येतो की." ते म्हणताना कुणी मान खाजवायचा, कुणी हात पुसायचा, कुणी बोलता बोलता गाडी सुरू करायचा.

सहावीतली एक मुलगी या सगळ्यांची नक्कल करायची. मान खाजवून "येतो की," हात पुसून "येते की," गाडीला किक मारून "येतो की सर, तुमी व्हा फुडं." वर्ग लोळायचा आणि मीही. आवाज असा की सकाळी प्रतिज्ञा ती सांगायची तेव्हा माइकची गरज नसे. एकदा स्टँडवर एक कंडक्टर मला म्हणाला, "सर, तुमच्या शाळेत ती पोरगी वरडती ना, तिच्यावर आम्ही घड्याळ लावतो."

पालकसभेला येणारी एकुलती एक पालक म्हणजे या मुलीची आजी. पोरीची आई शेडवर जायची, बाप दुसऱ्याची पिकअप चालवायचा, आणि आजी तळेघरकडचं गाव सोडून नातवंडं सांभाळायला इथं येऊन राहिली होती. कडेवर धाकटा नातू घेऊन ती पहिल्या बाकावर बसायची. समोर माझ्यापुढं माइक, मागं फळ्यावर रंगीत खडूनं 'हार्दिक स्वागत', आणि सभागृहात एक म्हातारी आणि एक शेंबडं पोर. मी तरीही 'माननीय पालकवर्ग' इथून सुरुवात करायचो आणि सगळं बोलायचो. वर्गात पोरं कमी होत चाललीत, फळे फुटलेत, तीन इयत्तांना मिळून दोन शिक्षक आहेत, पालक लक्ष देत नाहीत. पालक लक्ष देत नाहीत हे मी त्या म्हातारीला बोट दाखवून सांगायचो.

एकदा ती म्हणाली, "मास्तर, येवढ्या मोठ्यानं कशाला सांगता? मी काय बहिरी हाय का?"

मी माइक बंद केला.

"आता सांगा," ती म्हणाली. "पोरगी कशी हाय?"

"हुशार आहे. जरा जास्त बोलते."

"बोलू द्या. घरात कोन हाय बोलायला? तिचा बाप गाडीत, आई शेडात. मी बोलते तर म्हनत्यात, गप बस म्हातारे." मग चहाचा दुसरा कप उचलून म्हणाली, "तिला लई शिकवायचं बरं का. माझ्यावानी न्हाई ठिवायची."

तिला चहा आवडायचा. माझ्या सगळ्या सभांचा चहा तिनं कारणी लावला.

दिवाळीनंतर थंडी वाढली आणि आजी गेली. छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. पोरगी शाळेत यायची थांबली. पहिले दिवस दुखवट्याचे म्हणून मी काही बोललो नाही, मग घरी गेलो. पोरगी दारात भांडी घासत होती आणि धाकटा तिच्या पाठीला लोंबकळत होता. बाप खाटेवर बसलेला. मला बघून उठला.

"शाळा?" मी विचारलं.

"सर, आई व्हती तवर व्हतं. आता बारक्याला कोन बघनार? बायको शेडाव न्हाई गेली तर चालत न्हाई. पोरीची जात, सातवी झाली की बास."

"भाऊ, अजून सहावी चाललीय तिची."

"मंग सहावी झाली की."

"सहावीपण व्हायचीय."

त्यानं पोरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "बघतो."

"शाळेत या एकदा. बसून बोलू."

"येतो की," तो म्हणाला.

पोरगी भांडी घासता घासता हसली नाही. एरवी हसली असती. तेवढ्यावरून मला कळलं की हे काम हातातून चाललंय.

निघताना तो म्हणाला, "सर, दहाव्याला या. गावाकडं हाय. आई तुमचं लई नाव घ्यायची."

आमच्या भागात माणूस लग्न एखाद वेळी चुकवील, दहावा चुकवणार नाही. कुणाचाही असो, सकाळी नदीवर तोंड दाखवायचंच. मी त्या दिवशी पहाटे स्टँडवर पोचलो, तर पिकअप भरून तयार होती. हौद्यात कोण कोण? मान खाजवणारा हमाल, हात पुसणारी शेडवरची बाई, गाडीला किक मारणारा. चिठ्ठीपायी पोराला बडवणारासुद्धा. माझ्या वर्गातले जवळजवळ सगळे पालक टोप्या-उपरणी घालून उभे, बायका मध्ये बसलेल्या. मला हात देऊन वर घेतलं.

"या सर," हमाल म्हणाला. "सभाच भरली की तुमची."

"घ्या हजेरी," दुसरा म्हणाला.

"चहा कुठाय पन?"

सगळे हसले. मीही. पण मनात आलं, एवढे पालक परत एका जागी कधी मिळणार? घोडेगाव मागं पडलं तसा मी दांड्याला धरून उभा राहिलो आणि विषय काढला. म्हटलं, मंडळी, आता आपण जमलोच आहोत तर पोरांच्या शिक्षणाविषयी. तेवढ्यात डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेची वळणं सुरू झाली. पहिल्या वळणाला मी शेडवरच्या बाईच्या मांडीवर बसलो, दुसऱ्याला हमालाच्या पायावर उभा राहिलो, आणि तिसऱ्याला माझ्या शेजारच्या म्हातारबाबांना उलटी झाली. ती माझ्या विजारीवर झाली. त्यानंतर शिक्षणाचा विषय कुणी काढला नाही. उलट सगळ्यांनी माझी फार विचारपूस केली. एकानं बाटलीतलं पाणी दिलं, एकीनं पदरातलं लिंबू दिलं. पालक आणि शिक्षक यांच्यात इतका जिव्हाळा मी आधी कधी पाहिला नव्हता.

भात काढून झालेला होता. खाचरं मोकळी पडलेली, बांधावर पेंढ्याच्या गंजी. नदीत पाणी थोडंच, पण काठाला माणूस मावत नव्हता. केस उतरवणं चाललं होतं, भटजी पिंडाची तयारी करत होते, आणि एका झाडाला कर्णा बांधून श्रद्धांजली सुरू होती. एक पुढारी बोलला, मग दुसरा. दुसऱ्यानं म्हातारीचं नाव चुकीचं घेतलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. मग माइकवाल्यानं पुकारलं, "आता शाळेच्या वतीनं जुन्नरचे सर दोन शब्द बोलतील."

ओल्या विजारीत मी पुढं गेलो. खरं सांगतो, सुरुवात चांगली केली होती. म्हणालो, आजी आमच्या शाळेचा आधार होत्या, प्रत्येक सभेला यायच्या, पहिल्या बाकावर बसायच्या. लोक मान हलवत होते. सगळे माझ्याचकडं बघत होते. इतकी माणसं माझं ऐकत बसलीत हे दृश्य मी एकाही पालकसभेत पाहिलं नव्हतं, आणि ते डोक्यात गेलं. तोंडातून निघून गेलं, "तेव्हा माननीय पालकवर्ग..."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला थांबता आलं असतं. थांबलो नाही. वर्गातली पोरं, फुटके फळे, इंग्रजी शाळेच्या गाड्या, मुलींचं शिक्षण, सगळं सगळं सांगितलं. आणि गंमत अशी की लोकांनी ऐकलं. दहाव्याला माणूस मान खाली घालून, हात बांधून ऐकतो, तसं ऐकलं. जे गेलं त्याच्याविषयी ऐकतात तसं. बोलून झालं तर एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "चांगली व्हती शाळा."

"आवरा सर," माइकवाला हळूच म्हणाला. "पिंड ठेवायचाय."

काठावरच्या दगडावर पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते. नदीपलीकडच्या ऐनाच्या झाडावर तीन-चार बसले होते, पण उतरत नव्हते. थोडा वेळ गेला. लोक पुढं पुढं सरकू लागले. कुणी म्हणालं, म्हातारीचा जीव कशाततरी अडकलाय.

मुलीची आत्या हात जोडून पुढं झाली. "आई, तुझी शेळी इकत न्हाई. म्या नेते घरी."

कावळे हलले नाहीत.

"आई, बारक्याला सांबाळतो. त्याची काळजी नको करू," मुलीचा बाप म्हणाला.

कावळे बसून राहिले. भटजींना पलीकडच्या वाडीत अजून एक दहावा होता. ते मोबाइलमध्ये वेळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू का?"

"थांबा," आत्या म्हणाली. "तिचं काय ऱ्हायलंय त्ये कळू द्या."

इथं मी जे केलं ते करायला नको होतं असं माझी बायको आजही म्हणते. मला दिसत होतं की कावळे पिंडाला भीत नाहीत, आम्हाला भितात. पिंडाला खेटून शंभर माणूस उभं, डोक्यावर कर्णा खरखरतोय, पोरं दगडावर चढलेली. वर्गात शिकवून शिकवून एवढं समजतं. मी माइकवाल्याला खूण केली, बंद कर. मग लोकांकडं तोंड करून, पोरांना मैदानात उभं करतो त्या आवाजात म्हणालो, "सगळ्यांनी मागं सरा. आणखी मागं. खाली बसा. रांगेत बसा. बोलू नका."

आणि पालक बसले. रांगेत. हमाल, शेडवरची बाई, किक मारणारा, सगळे खाचरात पेंढ्यावर मांडी घालून गप्प बसले. मी पोरीच्या बापाजवळ गेलो आणि कानात म्हणालो, "आजींची पोरीची शाळाच राहिलीय म्हणायची."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचं डोकं नुकतं उतरवलेलं, डोळे लाल. मला वाटलं, हा मला नदीत ढकलतो. मग तो पिंडाकडं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, पोरीला शिकवीन. चांगली शिकवीन. शाळा तोडत न्हाई."

दोन-तीन श्वास गेले असतील. ऐनावरचा एक कावळा उठला, नदीवरून आला, दगडावर बसला, इकडंतिकडं पाहिलं आणि पिंडाला चोच लावली. बायका रडल्या. आत्यानं पोरीला पोटाशी धरलं. हमाल माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हातारीला शाळाच पायजे व्हती राव." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. येतानाचं सगळं मी विसरलो. परतीच्या वाटेवर पिकअपच्या हौद्यात मी जवळजवळ गात होतो.

पोरगी परत आली. धाकट्याला घेऊन आली, कारण त्याला ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, बसू दे वर्गात. तो खडू खायचा, इतिहासाच्या तासाला झोपायचा आणि गणिताच्या तासाला माझी विजार ओढायचा. आमच्या वर्गाचा पट निदान एकानं वाढला असं मी मुख्याध्यापकांना म्हणालो. ते हसले नाहीत. पण प्रतिज्ञेचा आवाज परत स्टँडपर्यंत जाऊ लागला. सहावी पार पडली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ज्याला त्याला तो दहावा सांगत फिरलो. दर सांगण्यात कावळा थोडा आणखी लांबून यायचा.

जूनमध्ये शाळा उघडली आणि एका सकाळी मुलीचा बाप फाटकातून आत आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. चार वर्षांत पहिल्यांदा तो शाळेत आला होता. मी शिपाईबाईला ओरडून सांगितलं, चहा सांगा.

"चहा नको सर," तो म्हणाला. "दाखला पायजे व्हता."

"कसला दाखला?"

"पोरीचा. शाळा सोडल्याचा. इंग्लिश मीडियमला घातली. बारक्यालाबी तिथंच. लहान गट हाय त्यांच्यात. दोघं एकाच गाडीत जात्यात, एकाच गाडीत येत्यात. घरी कुनी लागतच न्हाई."

मी खुर्चीत बसलो. म्हणालो, "भाऊ, इथं काय वाईट आहे?"

"वाईट न्हाई ओ." त्याला खरंच वाईट वाटत होतं, हात चोळत होता. "पन सर, आईला शबुद दिलाय. कावळा शिवलाय. चांगली शिकवीन म्हनलो मी. आन आई दर टायमाला घरी येऊन सांगायची ना, तुमी सभेत काय काय म्हनायचा. पोरं कमी झाली, फळे फुटल्यात, मास्तर पुरत न्हाईत. दहाव्यालाबी तुमी त्येच बोलला. पालक लक्ष देत न्हाईत म्हनला. मंग मी म्हनलो, आता लक्ष द्यायचं."

याच्यावर काय बोलायचं ते शिक्षणशास्त्राच्या पदविकेला शिकवलेलं नव्हतं. मी त्याला सांगू शकत होतो की कावळा मी उतरवला, माणसं मागं बसवली म्हणून तो आला. ते सांगितलं तर त्यानं पोरीला परत भांड्याला लावली असती. नाही सांगितलं तर ती पिवळ्या गाडीत बसत होती. मी दाखला लिहायला सांगितला. मुख्याध्यापकांची सही होईपर्यंत तो उभा राहिला आणि जाताना माझ्या पाया पडला. "तुमच्यामुळं झालं सर."

ते खरं होतं, हीच अडचण होती. वस्तीत त्याचं बघून आणखी पोरं गेली. दहाव्याला आलेल्यांपैकीच काहींची. कर्ण्यावरून मी जे सांगितलं ते त्यांनी नीट ऐकलं होतं. वर्ग एवढा उतरला की सातवी पलीकडच्या शाळेत नेऊन जोडली. मुख्याध्यापकांनी एकदा सहज विचारलं, "तुम्ही त्या दहाव्याला नक्की काय बोललात?" मी म्हटलं, श्रद्धांजली.

गणपतीच्या आसपास तो परत आला. या वेळी फाटकाबाहेरच थांबला आणि मला बोलावून घेतलं.

"सर, तुमी याल का संगं? त्यांची पालकसभा हाय. दोन सभांना मी गेलो, पन ती बाई बोलती त्यातलं मला निम्मं कळत न्हाई. मी आपला मान हालवतो. परवा म्हनं पोरगी बोलतच न्हाई वर्गात. एक वर्ग खाली बसवली तिला, परत सहावीत. मी काय सांगनार? तुमी मास्तर हायत. तुमाला बोलता येतं."

मी गेलो. रजा टाकून गेलो. चुलता म्हणून माझं नाव लिहून घेतलं. पांढरी फरशी, भिंतीवर कार्टून, पालकांना बसायला पोरांचीच बाकं. माझे गुडघे छातीला लागले. आमच्या शाळेत मी कधी पालकांच्या बाकावर बसलो नव्हतो. तिथं तर चार वर्षांत एकच म्हातारी बसली होती. आजूबाजूला सगळे वेळेवर आलेले. पिकअप बाहेर उभी करून मुलीचा बाप माझ्या शेजारी ताठ बसला होता, आणि पलीकडच्या बाकावर हमाल. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. मग मीही.

बाई तरुण होत्या, वागायला चांगल्या. आमची पाळी आली तेव्हा मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. टाय, पॉलिश केलेले काळे बूट, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. मला बघून तिचे डोळे मोठे झाले.

"शी इज व्हेरी क्वाएट," बाई म्हणाल्या. "काही विचारलं तर नुसती बघते. घरी तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलता का तुम्ही? पॅरेंट्सनी थोडं इन्व्हॉल्व्ह व्हायला हवं. आम्ही एकट्यानं किती करणार?"

मला ते वाक्य पाठ होतं. माइकवर, भोंग्यावर, कर्ण्यावर म्हणून झालेलं. बापानं माझ्याकडं पाहिलं. याचसाठी त्यानं मला आणलं होतं. मी वाटेत पिकअपमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, की बाई, या मुलीचा आवाज स्टँडपर्यंत जातो, हिच्यावर कंडक्टर घड्याळ लावतो, हिला तुम्ही मराठीत एकदा काहीही विचारून बघा, नक्कल करायला सांगा, मग बघा. तोंड उघडलं. गुडघे छातीला टेकलेले, पाठीमागं पाळीची वाट बघणारे पालक ताटकळत उभे, बाईंचा पेन वहीवर थांबलेला. माझ्या तोंडातून निघालं, "शाय आहे थोडी. होईल."

"ओके," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

बाप माझ्याकडं बघतच होता. त्याला वाटलं असेल, अजून बोलणार. मुलीनं माझ्याकडं बघणं सोडून खाली बुटांकडं पाहिलं.

"पुढच्या महिन्यात परत मीटिंग आहे," बाई म्हणाल्या. "अंकल, तुम्हीपण या. तुमच्याशी कम्युनिकेशन सोपं जातं. नक्की या हं."

पुढच्या महिन्यात मला सहामाहीचे पेपर होते, आणि तिथं परत येऊन मी काय बोलणार होतो तेही मला ठाऊक होतं. बाकातून पाय सोडवत उठलो. मान खाजवली.

"येतो की," मी म्हणालो.

मुलीनं मान वर केली.